अफूची गोळी, उंदराचे आतडे आणि आईवरचा आरोप

१/
अफूचा इतिहास म्हटला की डोळ्यांसमोर कँटनचे बंदर येते, १८३९ ते १८४२ चे पहिले अफूयुद्ध येते, हाँगकाँग येते. थोडे अधिक वाचलेल्यांना माळवा आणि मुंबई आठवते. या साऱ्या इतिहासात अफू पेटीत बंद असते. पेटी फोडून ती कोणाच्या पोटात गेली आणि पुढे काय झाले, हे आपण सहसा विचारत नाही. आजचा धागा त्या पोटाविषयी आहे. आणि त्या निमित्ताने, शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या मातांवर ठेवलेल्या एका आरोपाविषयी.

२/
माझे म्हणणे आरंभीच मांडते. गिरणी कामगार स्त्रिया तान्ह्या बाळांना अफूची गोळी देत, आणि ते अज्ञानापोटी देत, असे आजही सहज लिहिले जाते. पहिले विधान खरे आहे. दुसरे मला मान्य नाही. अफू काय करते हे त्यांना पुरते ठाऊक होते. ती तसे का करते हे विज्ञानाला १९७० नंतर उमगले, आणि त्यात शरीरातच तयार होणाऱ्या एका न्यूरोपेप्टाइडचा व उंदराच्या मोठ्या आतड्याचा मोठा वाटा आहे. हा शोध समजून घेतला, तर दोष कोणाच्या पदरात टाकायचा याचा फेरविचार करावा लागतो.

३/
आधी व्यापार. माळव्याची अफू म्हणजे मुख्यतः शिंदे-होळकरांच्या आणि लगतच्या संस्थानांच्या मुलुखात पिकणारी अफू. कंपनी सरकारला तिच्यावर बंगालप्रमाणे मक्ता बसवता आला नाही. माल चोरवाटांनी कराची आणि पोर्तुगीजांच्या दमणकडे जाऊ लागला. अखेर १८३०-३१ मध्ये सरकारने परवान्याची पद्धत आणली: पेटीमागे ठरावीक शुल्क भरा आणि मुंबईमार्गे माल चीनला न्या. १८४३ मध्ये सिंध खालसा झाला, कराचीची वाट बंद झाली, आणि शुल्क चढत गेले. मुंबईच्या भरभराटीत कापसाइतकाच अफूचाही हात आहे, हे अमर फारुकी यांच्यासारख्या इतिहासकारांनी सविस्तर दाखवले आहे.

४/
या व्यापारातील सर्वांत ठळक नाव सर जमशेटजी जीजीभॉय यांचे. चीनशी केलेल्या कापूस-अफूच्या व्यापारातून त्यांनी संपत्ती मिळवली आणि तिचा मोठा भाग दानधर्मात घातला. १८४५ मध्ये मुंबईत त्यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. एकोणिसाव्या शतकात कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या औषधपेटीत अफूचा अर्क असेच. म्हणजे एकाच वस्तूच्या नफ्यातून इमारत आणि त्याच वस्तूतून औषध. हा योगायोग गमतीचा म्हणून सोडून देऊ नये. अफू केवळ व्यसनाची वस्तू असती, तर तिची मुळे समाजात इतकी खोल गेली नसती.

५/
वैद्यकात ती फार पूर्वी आली होती, तरी आपण समजतो तितकी प्राचीन नव्हे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत अफू नाही. ती दिसू लागते मध्ययुगात, शार्ङ्गधरसंहितेत आणि नंतर भावप्रकाशात. ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, हे तिचे संस्कृत नाव अरबी ‘अफयून’वरून घडवले गेले असे मानतात, अरबी शब्दाचे मूळ ग्रीक आहे. अतिसारावरच्या ‘कर्पूर रस’ या औषधात कापूर, जायफळ, नागरमोथा आणि इंद्रजव यांच्यासोबत अहिफेनही येते. थोडक्यात, अफूशी वैद्यांची ओळख वेदनाशामक म्हणून जितकी होती, तितकीच ‘स्तंभक’ म्हणून, म्हणजे जुलाब थांबवणारी म्हणून होती.

६/
घरगुती पातळीवर पाहा. आमच्या वाशीकडे, धाराशिव जिल्ह्याच्या या बालाघाटी कोपऱ्यात, आजही अनेक घरांत बाळगुटीची सहाण असते. जायफळ, मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, हळकुंड यांचे ठरावीक वेढे उगाळून ते चाटण बाळाला देतात. यात अफू नसते, हे स्पष्ट सांगते. ‘बाळगोळी’ नावाने विकली जाणारी अफूची गोळी वेगळी. पण गुटीतली द्रव्ये नीट पाहिली तर बहुतेक पोटाची आहेत. मुरुडशेंग तर नावातच मुरडा घेऊन येते. बाळाचे पोट हाच जुन्या घरगुती वैद्यकाचा पहिला विषय होता, कारण बाळे पोटानेच दगावत.

७/
पटकी, हगवण, आव, संग्रहणी: हे शब्द आता जुने वाटतात, पण एकोणिसाव्या शतकातल्या कुटुंबांना ते घरच्या नातेवाइकांसारखे परिचित होते. पंढरीच्या वारीत पटकी फैलावण्याची धास्ती सरकारदरबारी वर्षानुवर्षे नोंदली गेली. शुद्ध पाणी नाही, गावात डॉक्टर नाही, शिरेतून सलाईन देण्याची सोय तर कल्पनेपलीकडची. अशा वेळी चिमूटभर अफूने जुलाब आवरत. पटकीत मात्र तिचा उपयोग मर्यादितच होता. त्या रोगात माणूस मरतो तो शरीरातले पाणी व क्षार निघून गेल्याने, आणि अफू ते परत देऊ शकत नाही. पण साध्या अतिसारात, मुरड्यात, रात्रभर रडणाऱ्या पोटात तिचा गुण डोळ्यांना दिसे.

८/
हा गुण येतो कोठून? १८९९ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवले की आतड्याची हालचाल शिस्तबद्ध असते. अन्नाचा गोळा जेथे असेल त्याच्या मागचा भाग आवळतो, पुढचा भाग सैलावतो, आणि गोळा पुढे सरकतो. ही लाट चालवणारे मज्जातंतू आतड्याच्या भिंतीतच असतात. माणसाच्या आतड्यात अशा चेतापेशी दहा कोटींहून अधिक आहेत. मेंदूशी संबंध तोडला तरी हे जाळे आपले काम चालू ठेवते. म्हणूनच प्राण्याच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून, कोमट क्षारद्रवात टांगून, प्राणवायू देत ठेवला तर तो कितीतरी वेळ हलत राहतो.

९/
तो हलणारा तुकडा एका तरफेला बांधत आणि तरफेचे टोक काजळी धरलेल्या, सावकाश फिरणाऱ्या ढोलावर टेकवत. स्नायू आवळला की काजळीत रेघ वर जाई, सैलावला की खाली येई. आपल्याकडच्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हे प्रात्यक्षिक केले आहे. आपण इतिहासाचे विद्यार्थी मोडी कागद वाचतो, तसा तोही एक दस्तऐवज: काजळीवर आतड्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला. आणि कोणत्याही दस्तऐवजाप्रमाणे, तो कोणाचा आहे हे आधी विचारावे लागते. पुढे हीच गोष्ट महत्त्वाची ठरणार आहे.

१०/
सुरुवातीचे बरेच पुरावे गिनीपिगच्या लहान आतड्याचे. १९१७ मध्ये ट्रेंडेलेनबुर्ग यांनी त्यावर आतड्याची लाट मोजण्याची पद्धत बसवली. १९५७ मध्ये पॅटन यांनी दाखवले की मॉर्फिन, म्हणजे अफूतील मुख्य द्रव्य, या आतड्यातील मज्जातंतूंमधून बाहेर पडणारे अ‍ॅसिटिलकोलीन घटवते. अ‍ॅसिटिलकोलीन हा स्नायूला ‘आवळ’ असे सांगणारा निरोप. निरोप कमी पोहोचला की आकुंचन मंदावते. यातून एक सुटसुटीत समजूत रूढ झाली: अफू आतड्याला झोपवते, म्हणून जुलाब थांबतात.

११/
पण एक कोडे उरले. खसखशीच्या झाडाच्या चिकाला प्रतिसाद द्यायची सोय प्राण्यांच्या शरीरात का असावी? १९७३ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी अशा सोयीचा, म्हणजे अफूला धरून ठेवणाऱ्या विशिष्ट ग्राहींचा, पुरावा दिला. कुलूप असेल तर किल्लीही शरीराचीच असली पाहिजे. स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे हान्स कोस्टरलिट्झ आणि जॉन ह्यूज ती किल्ली शोधत होते. कोस्टरलिट्झ मूळचे जर्मन. नाझी राजवटीमुळे १९३४ मध्ये देश सोडून आलेले आणि तेव्हा सत्तरी ओलांडलेले. डुकरांच्या मेंदूचा अर्क काढायचा आणि तो गिनीपिगच्या आतड्यावर व उंदराच्या शुक्रवाहिनीवर टाकून पाहायचा, अशी त्यांची रीत.

१२/
डिसेंबर १९७५ मध्ये त्यांच्या गटाने निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाच अमिनो आम्लांच्या दोन लहान साखळ्या, एकमेकींहून केवळ शेवटच्या कडीने वेगळ्या. नाव दिले ‘एन्केफालिन’, म्हणजे डोक्यातले. मज्जातंतू एकमेकांना निरोप देण्यासाठी वापरतात अशा लहान प्रथिनसाखळ्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. एन्केफालिन त्यांपैकी एक. नाव डोक्याचे असले तरी लवकरच हे द्रव्य आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंतही सापडले. शरीर स्वतःची अफू स्वतःच्या पोटात तयार करत होते. फरक एवढाच की एन्केफालिन काही मिनिटांत विघटित होते, आणि अफूच्या गोळीचा अंमल तासन्‌तास टिकतो.

१३/
आता उंदीर. १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदराच्या मोठ्या आतड्यावर मॉर्फिन आणि एन्केफालिनसारखी पेप्टाइडे तपासली गेली. रूढ समजुतीप्रमाणे आतडे शांत व्हायला हवे होते. झाले उलटे: ते आवळू लागले. कारण असे की उंदराच्या मोठ्या आतड्याचा स्नायू मुळात लगामाखाली असतो. काही मज्जातंतू त्याला सतत ‘सैल राहा’ असा निरोप देत असतात; या निरोपात नायट्रिक ऑक्साइड या वायूचा मोठा वाटा असतो, हे पुढे कळले. एन्केफालिन किंवा मॉर्फिन त्या लगाम धरणाऱ्या तंतूंनाच गप्प करते. लगाम सुटला की स्नायू आवळतो.

१४/
मग आवळणाऱ्या आतड्याने जुलाब कसे थांबतात? कारण पुढे सरकण्यासाठी मागे आवळणे आणि पुढे सैलावणे, दोन्ही लागते. सैलावणेच बंद झाले की आतडे जागच्या जागी कड्याकड्यांनी आवळत राहते आणि आतला माल अडकतो. तेथे त्यातले पाणी शोषले जाते आणि मळ घट्ट होतो. माणसाच्या मोठ्या आतड्यातही अफूचा परिणाम बराचसा असाच: ताण वाढतो, पुढे ढकलणारी लाट मंदावते. अफू घेणाऱ्याला पोटात कळ का येते, हेही यातून उलगडते. ‘झोपलेल्या’ आतड्याला कळ आली नसती.

१५/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. गिनीपिगच्या लहान आतड्याने दिलेली साक्ष खरी होती. चूक झाली ती त्या एका साक्षीला सर्व प्राण्यांच्या सर्व आतड्यांची साक्ष मानण्यात. आपल्या क्षेत्रातही हे नेहमी घडते. एका अधिकाऱ्याचा अहवाल, एका शहराची आकडेवारी, एका वर्गाची वही. आणि त्यावरून ‘तत्कालीन समाज’ कसा होता याचे निदान. बाहेरून दिसणारा परिणाम एकच असतो, आतली कारणे निराळी असू शकतात. ज्याला बाहेरून ‘अज्ञान’ म्हटले गेले, त्याच्या आत काय होते हे आता पाहू.

१६/
१० एप्रिल १८९१ रोजी ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने भारताच्या अफू महसुलाची पद्धत नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवणारा ठराव मान्य केला. १८९२ मध्ये सुंदराबाई पवार या मराठी ख्रिस्ती कार्यकर्तीने ब्रिटिश सरकारच्या अफूविषयक गुन्ह्यावर आरोपपत्रच ठेवणारी इंग्रजी पुस्तिका लंडनमध्ये प्रसिद्ध केली. पुढे १८९३ मध्ये रॉयल कमिशन नेमले गेले आणि १८९५ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातले बहुमत सरकारच्या सोयीचे निघाले: भारतात अफू मुख्यतः माफक प्रमाणात आणि घरगुती औषध म्हणून घेतली जाते, तेव्हा बंदीची गरज नाही. हेन्री विल्सन या सदस्याने भिन्नमत नोंदवले.

१७/
या निर्णयातली मेख लक्षात घ्या. महसूल वाचवायचा होता तेव्हा सरकारला प्रजेचे घरगुती शहाणपण मान्य होते. अफू औषध आहे, लोकांना ती वापरता येते, असे म्हणणे तेव्हा सोयीचे होते. तीस वर्षांनी मुंबईच्या चाळीत तीच अफू तान्ह्या बाळाच्या तोंडात सापडली, तेव्हा सूर बदलला. मग ती औषध राहिली नाही, आईचे अज्ञान झाली. वस्तू तीच, दुकान तेच, परवानाही तोच. बदलले ते उत्तर देण्याची जबाबदारी असलेले माणूस.

१८/
१९२२ मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांचा मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांविषयीचा अहवाल सरकारी ‘लेबर गॅझेट’मध्ये आला. औद्योगिक कामगार स्त्रियांच्या बाळांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जाते, असे त्यात नोंदवले होते. १९२१ मध्ये मुंबईतील बालमृत्यूचे प्रमाण सरकारी नोंदींनुसार हजारी सहाशेहून अधिक होते. बाळंतपणासाठी स्त्रिया गावी जात, त्यामुळे बरेच जन्म शहरात नोंदले जात नसत आणि हा आकडा फुगलेला आहे, हे खरे. तरी वजावाट करूनही चित्र भीषणच उरते.

१९/
आता त्या आईच्या बाजूने पाहा. १९२२ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारांचा दिवस ११ तासांचा आणि आठवडा ६० तासांचा केला. आणि ही सुधारणा होती. वाइंडिंग-रीलिंग खात्यात बसणाऱ्या स्त्रीला बाळ जवळ ठेवण्याची सोय मोजक्या गिरण्यांत होती. चाळीच्या एका खोलीत अनेक माणसे, पाणी सामाईक नळाचे. पाजायला आई नसताना बाळ वरच्या दुधावर, आणि त्या दुधाने पोट बिघडलेले. अफूची गोळी एकाच वेळी तीन गोष्टी करी: जुलाब आवरी, भूक मारी, झोप आणी. आई घरात नसताना बाळाच्या पोटात नेमक्या याच तीन गोष्टींची अडचण असे.

२०/
हा योग केवळ मुंबईचा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडच्या कापड गिरण्यांच्या शहरांत ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ नावाचे अफूयुक्त गोड औषध कामगारांच्या बाळांना सर्रास पाजले जाई. मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथातही कामावर जाणाऱ्या इंग्रज माता बाळांना अफूची औषधे देतात, असा उल्लेख आहे. मँचेस्टरची आई आणि परळची आई यांच्यात भाषा, धर्म, रंग काहीही समान नव्हते. समान होती ती गिरणीची शिटी, घरात एकटे राहणारे बाळ आणि दुकानात सहज मिळणारी अफू. म्हणून ‘हिंदी मातांचे अज्ञान’ हे स्पष्टीकरण टिकत नाही.

२१/
यावर पहिला आक्षेप येईल की अफूने बाळे मेली, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. ज्या ग्राहींमुळे आतड्यातला माल अडतो, तशाच ग्राहींमुळे मेंदूच्या तळाशी असलेले श्वासाचे केंद्र मंदावते. तान्ह्या बाळात औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांतले अंतर फार थोडे असते. रोजच्या गोळीने बाळ कुपोषित होई आणि बद्धकोष्ठाने पोट फुगे. अफूची सवय झालेल्यांतही हे बद्धकोष्ठ फारसे कमी होत नाही. मी त्या गोळीचे समर्थन करत नाही. आईचे ज्ञान खरे होते, पण अपुरे होते. आणि ते पुरे करू शकणारा डॉक्टर तिच्या आवाक्यात नव्हता. परवानाधारक दुकान मात्र होते.

२२/
दुसरा आक्षेप आपल्याच अभ्यासशाखेतून येईल: पेप्टाइडाने इतिहास सांगणे म्हणजे समाजाची जबाबदारी शरीरावर ढकलणे. मला उलट वाटते. एन्केफालिनचे ग्राही प्रत्येक माणसाच्या आतड्यात आहेत, मलबार हिलवरच्या बाळाच्याही. पण अफू नेमकी कामगाराच्या बाळाला मिळत होती. शरीर सर्वत्र सारखे आणि परिणाम मात्र वर्गानुसार वेगळा असेल, तर कारण शरीराबाहेर शोधावे लागते. १८७८ च्या अफू कायद्याखालची विक्रीव्यवस्था, कामाचे तास, पाळणाघराचा अभाव: ही ती कारणे. शरीरशास्त्र त्यांना झाकत नाही, उजेडात आणते.

२३/
आणि हे नुसते अनुमान नव्हे, कारण गोष्टी बदलल्या त्या कारणे बदलल्यामुळेच. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा पहिला. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून पटकीचे रुग्ण वाचवले. अफूला जे कधीच जमले नव्हते, ते म्हणजे गेलेले पाणी परत देणे, या साध्या द्रवाने साधले.

२४/
अफूचे तत्त्व तरीही औषधशास्त्रातून गेले नाही. लोपेरामाइड हे आतड्यातील अफूच्याच ग्राहींवर काम करते, पण नेहमीच्या मात्रेत मेंदूत फारसे शिरत नाही. रेसकॅडोट्रिल शरीरातल्या एन्केफालिनचे विघटन लांबवते आणि आतड्यात पाझरणारे पाणी कमी करते. लहान मुलांना लोपेरामाइड डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय देऊ नये, हेही येथे सांगणे भाग आहे. अफूचे दुकान पुढे बंद झाले. नीमच-मंदसौरच्या माळव्यात आणि इतर काही ठिकाणी सरकारी परवान्याने शेती होते, आणि ती औषधांसाठीच. म्हणजे त्या आयांनी अनुभवाने जाणलेला गुण खोटा ठरला नाही. तो आता मात्रेत, वेष्टनात आणि चिठ्ठीवर मिळतो.

२५/
आता वर्तमानाकडे. वाशी, भूम, कळंब आणि शेजारचा बीड जिल्हा, हा ऊसतोडीला जाणारा मुलूख. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल अंगावर. खाडा पडला तर पैसे कापले जातात. बाळ फडात, पाचटावर टाकलेल्या चिंधीवर. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला समिती नेमावी लागली. तेव्हाही पहिला शब्द उच्चारला गेला तो ‘अज्ञान’. खाडा न परवडणाऱ्या बाईचा हिशेब मांडायला मात्र वेळ लागला.

२६/
परळची गिरणी आणि फडातला ऊस एक नव्हेत. काळ, कायदे, औषधे सारे वेगळे आहे. सारखा आहे तो निवाडा करण्याचा क्रम. आधी बाईच्या वर्तनाकडे बोट, मग तिच्या अडाणीपणाकडे, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरलाच तर, तिच्या कामाच्या अटींकडे. इतिहासलेखनाने हा क्रम उलटा केला पाहिजे असे माझे मत आहे. यासाठी नवे दप्तर लागत नाही. जुनेच अहवाल पुन्हा वाचावे लागतात, मात्र आकड्याला आकडा म्हणून आणि विशेषणाला अहवाल लिहिणाऱ्याचे विशेषण म्हणून.

२७/
तेव्हा यापुढे एखाद्या साधनात ‘अज्ञानामुळे’ हा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारून पाहा. त्या माणसाला नेमके काय ठाऊक होते? त्याने केलेली गोष्ट त्याच्या परिस्थितीत काही काम करत होती का? आणि ती वस्तू त्याच्यापर्यंत कोणी, कोणत्या परवान्याने पोहोचवली? गिरणीतल्या आईच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आतड्याच्या प्रयोगांनी तिच्या बाजूने दिली आहेत. तिसऱ्याचे उत्तर सरकारच्या आबकारी दप्तरात आहे. ते वाचण्याचे काम आपले.

धागा येथे पूर्ण होतो. मतभेद असतील तर खाली अवश्य मांडा. पुराव्यासह मांडलेत तर अधिक आनंद होईल.